सरावपाठ आणि शिक्षकाचा आत्मविश्वास

प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाविषयी आपल्याकडे वाद पुष्कळ झाले; ते कधी अभ्यासक्रमातील विषयांवरून, कधी मुदतीवरून, कधी प्रवेशाच्या पात्रतेवरून आणि अलीकडे संस्थांच्या मान्यतेवरून झाले; परंतु सरावपाठ ही बाब मात्र यांपैकी कोणत्याही पक्षाने कधी नाकारलेली नाही. तत्त्वज्ञान कमी करा म्हणणारे आणि मानसशास्त्र वाढवा म्हणणारे एरवी एकमेकांचे तोंड पाहत नसले, तरी होणाऱ्या शिक्षकाने शिकत असतानाच मुलांपुढे उभे राहावे आणि तसे उभे राहिल्याने त्याला धीर येतो, एवढ्यावर त्यांचे एकमत असते. यांपैकी पहिले विधान निर्विवाद आहे. दुसरे तितके नाही. वर्गापुढे उभे राहण्याने जो धीर येतो तो कोणत्या प्रकारचा, तो मुलांपुढचा की वहीत शेरा लिहिणाऱ्या निरीक्षकापुढचा, आणि नेमणुकीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, चार इयत्तांची मुले एका खोलीत घेऊन बसण्याचा प्रसंग आला म्हणजे त्यातला किती शिल्लक राहतो, याची विचारपूस मात्र क्वचितच झाली आहे.

शिकवता शिकवता शिकावे ही रीत आपल्याकडे नवी नव्हे. पंतोजींच्या शाळेत थोराड मुलगा धाकट्यांना धूळपाटीवर अक्षरे गिरवावयास लावी आणि त्यांच्याकडून उजळणी म्हणवून घेई. असाच काही प्रकार मद्रासेकडील देशी शाळेत पाहून तेथील अनाथ मुलांच्या आश्रमाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी तो आपल्या संस्थेत उचलला, 1797 साली त्या प्रयोगाची हकीकत लंडनमध्ये छापली, आणि आपल्या गरिबीतून निघालेली ही काटकसर विलायतेत 'मद्रास पद्धती' म्हणून नावाजली गेली. त्या थोराड मुलाला पाठाचे टाचण नव्हते, हेतुकथन नव्हते. पण त्याच्यापुढची मुले रोज तीच असत, आणि काल सांगितलेले आज त्यांना येते की नाही हे त्याला सकाळीच कळे. पुढे प्रशिक्षणाच्या संस्था निघाल्या तेव्हा पुष्कळ मिळाले आणि नेमके हे गमावले.

संस्था निघाल्या त्या मोठ्या माणसांच्या हातून निघाल्या. 1845 च्या सुमारास मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक तयार करण्याचा नॉर्मल वर्ग उघडला आणि तो बाळशास्त्री जांभेकरांकडे सोपविण्यात आला. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरास मिस फॅरार यांच्याकडे व पुण्यास मिचेल यांच्या नॉर्मल स्कुलात अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. 1854 च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा सरकारी पातळीवर पुरस्कार केला. आणि पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजाचे प्राचार्यपद कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडिताने भूषविले. तथापि 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी जी तक्रार मांडली ती विद्वत्तेच्या तुटवड्याची नव्हती. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत, त्यांनी लोकांत मोकळेपणाने मिसळावे, त्यांच्या गरजा ओळखाव्यात, ते प्रशिक्षित असावेत आणि त्यांना दरमहा निदान 12 रुपये पगार असावा, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षकाच्या आत्मविश्वासाला एक सामाजिक आणि एक आर्थिक पाया असतो, ही गोष्ट त्या निवेदनात जितकी स्वच्छ दिसते तितकी पुढच्या कित्येक समित्यांच्या अहवालांतून दिसत नाही. ज्या वस्तीत शिकवावयाचे तिच्याविषयी मनात परकेपणा असेल, तर पाठाची तयारी कितीही चोख असो, आवाज घशातच अडकतो.

आज ज्याला आपण सरावपाठ म्हणतो त्याचा साचा मात्र जर्मनीतून, इंग्लंडच्या वाटेने, आपल्याकडे आला. हर्बार्टची पंचपदी म्हणून जी आपल्या अध्यापक विद्यालयांत पिढ्यानपिढ्या शिकविली गेली ती खुद्द हर्बार्टची नव्हेच. त्याने पायऱ्या चारच सांगितल्या होत्या, त्यांच्या पाच केल्या त्या त्सिलर आणि राइन या त्याच्या अनुयायांनी. पण विचारवंताची सूचना शिष्यांच्या हाती गेली की तिचा नियम होतो, आणि नियम खात्याच्या हाती गेला की त्याचा छापील तक्ता होतो. टाचणवहीत उभ्या रेघा आल्या. एका रकान्यात शिक्षककृती, दुसऱ्यात विद्यार्थिकृती, तिसऱ्यात फलकलेखन. प्रस्तावनेचे प्रश्न आणि त्यांची 'अपेक्षित उत्तरे' आदल्या रात्री लिहून मार्गदर्शकाची स्वाक्षरी घ्यावयाची. सकाळी गुंडाळफळा काखेत, तक्ते हातात आणि कार्डबोर्डाचे साहित्य पिशवीत घेऊन सरावशाळेत पोहोचावयाचे. तीस-पस्तीस मिनिटांत प्रस्तावनेपासून गृहपाठापर्यंत सर्व उरकावयाचे. आणि घंटा झाली की त्या मुलांचा निरोप घ्यावयाचा, तो बहुधा कायमचा. पुढचा पाठ दुसऱ्या वर्गावर, दुसऱ्या विषयाचा.

अशी व्यवस्था निव्वळ निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. जिच्या घराण्यात तिच्यापूर्वी कोणी शाळेच्या पाचव्या इयत्तेपलीकडे गेले नाही, जिने चारचौघांत मोठ्याने बोलण्याचा प्रसंग आयुष्यात अनुभवला नाही, अशी एखादी छात्राध्यापिका पहिल्या पाठाला पाठमोरी होऊन फळ्याशीच बोलते आणि दहाव्या पाठाला मुलांकडे तोंड करून प्रश्न विचारते, हा फरक लहान नव्हे, आणि तो या साच्यानेच घडविलेला असतो. ठरलेला क्रम घाबरलेल्या माणसाला आधार देतो. अडचण पुढेच आहे: हा आधार काढून घेण्याची तरतूद साच्यात नाही. पंचविसावा पाठही पहिल्याच्याच चाकोरीत होतो, वर्षअखेरीस बाह्य परीक्षकापुढचा पाठही तसाच, आणि छात्राध्यापकाला जो विश्वास येतो तो रकाने बरोबर भरल्याचा असतो.

या ठिकाणी मानसशास्त्रज्ञांनी केलेले काम उपयोगी पडण्यासारखे आहे. आल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली मांडलेल्या विचाराप्रमाणे, 'हे काम माझ्या हातून होईल' ही खात्री माणसाला चार वाटांनी येते: स्वतः ते काम तडीस नेल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते करताना पाहणे, विश्वासू माणसाचा दिलासा, आणि त्या क्षणीच्या आपल्याच शरीरमनाची अवस्था; म्हणजे छाती धडधडते तिचा अर्थ माणूस भीती असा लावतो की उत्साह असा, हे. या चारांत पहिली वाट सर्वांत बळकट. आता आपला सरावपाठ या कसोटीला लावून पाहा. काम तडीस गेले की नाही हे ठरावयाचे तर मुलांना आले की नाही हे कळावे लागते, आणि ते कळावयास उद्याचा, परवाचा, आठवड्यानंतरचा दिवस त्याच वर्गावर मिळावा लागतो. तो मिळत नाही. दुसऱ्याला पाहण्याची वाट म्हणजे नमुनापाठ. पण तो देणारे प्राध्यापक पुष्कळदा अशा सफाईने देतात की पाहणाऱ्याला स्वतःच्या अपुरेपणाचीच जाणीव व्हावी. दिलाशाचे काम निरीक्षणवहीतील शेऱ्याकडे सोपविलेले, आणि धडधडत्या छातीची दखल घेण्यास तर कोणताच रकाना नाही.

फ्रान्सिस फुलर यांनी 1969 साली शिक्षकांच्या चिंतांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यातून निघणारी गोष्टही कोणा अनुभवी मुख्याध्यापकाला नवी वाटणार नाही: नवशिक्याला प्रथम स्वतःची चिंता असते (मी कसा दिसतो, वर्ग माझे ऐकेल काय), मागाहून कामाची, आणि बऱ्याच उशिरा मुलांच्या शिकण्याची. सरावपाठ संपतात ते बहुतेक या पहिल्या मुक्कामावरच. अमेरिकेत वुलफोक हॉय आणि बर्क-स्पेरो यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की प्रशिक्षणाच्या काळात वाढलेला हा विश्वास नोकरीच्या पहिल्या वर्षात घसरतो, आणि त्या घसरणीचा संबंध नव्या शिक्षकाला शाळेत मिळणाऱ्या आधाराशी आहे. परदेशचे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याला लावणे योग्य नाही हे मान्य करूनही, शिक्षकखोलीत बसणाऱ्या कोणालाही हे चित्र ओळखीचेच वाटेल. जॉन ड्यूई यांनी तर 1904 सालीच इशारा देऊन ठेवला होता की, सरावात तात्काळ वर्ग सांभाळण्याच्या हातोटीवर भर दिला तर उमेदवार लवकर तरबेज दिसू लागतो, पण मुलाच्या मनात काय चालले आहे याकडे पाहण्याची त्याची दृष्टी वाढत नाही आणि पुढे तो आहे तेथेच राहतो.

1963 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेले सूक्ष्म अध्यापन आपल्याकडे त्याच दशकाच्या अखेरीपासून आले आणि बडोदे व इंदूर येथील संशोधकांनी त्याला भारतीय रूप दिले. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा आणि सहा, असे छत्तीस मिनिटांचे ते आवर्तन. एकच कौशल्य घेऊन, चुकले तर लगेच सुधारून पुन्हा करण्याची मुभा देणारी ही कल्पना मुळात फार चांगली; ज्या सरावात दुसरी संधी आहे तोच सराव. परंतु मुलांऐवजी सहाध्यायीच विद्यार्थी होऊन समोर बसल्यामुळे तिची गत रंगीत तालमीसारखी झाली. वीस वर्षांची माणसे तिसरीतील मुलांसारखी बोट वर करतात आणि अपेक्षित उत्तर देऊन मोकळी होतात. चुकण्याचे सोंग घेतले तरी तिसरीतील मूल जसे चुकते तसे चुकणे त्यांना साधत नाही.

मूल कसे चुकते याचे एक उदाहरण येथे सविस्तर सांगण्यासारखे आहे. तिसरीच्या एका वर्गात मागच्या बाकावर बसून मी हातच्याच्या वजाबाकीचा पाठ पाहत होतो. छात्राध्यापकाने काड्यांचे गठ्ठे आणले होते, तक्ता सुबक होता, प्रस्तावना बेतशीर झाली. फळ्यावर 52 वजा 27 मांडून त्याने एका मुलाला उत्तर विचारले. तो ठामपणे म्हणाला, ''पस्तीस.'' टाचणात अपेक्षित उत्तर पंचवीस होते. छात्राध्यापक क्षणभर थबकला, त्याने मार्गदर्शकाकडे पाहिले, मग ''कोण सांगेल बरोबर उत्तर?'' असे विचारून पुढच्या बाकावरील मुलीकडून पंचवीस वदवून घेतले, सर्वांकडून ते दोनदा म्हणवून घेतले, आणि पाठ पुढे गेला. वहीत शेरा पडला: 'साहित्याचा वापर चांगला. फलकलेखन नीटनेटके. आवाजात चढउतार हवा.' त्या मुलाने पस्तीस कसे काढले याची चौकशी कोणीच केली नाही. वास्तविक त्याचे गणित एका नियमाने पूर्ण सुसंगत होते: दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच उरले, पाचातून दोन काढले, तीन उरले. मोठ्यातून लहान काढावे हा कोणीतरी कधीतरी त्याला सांगितलेला नियमच तो पाळत होता. ''तू हे कसे केलेस ते काड्यांवर करून दाखव'' एवढे एकच वाक्य त्या छात्राध्यापकाला त्या वेळी सुचले असते, तर बावन्न काड्यांतून सत्तावीस काढताना पाच गठ्ठ्यांपैकी एक सोडावाच लागतो हे मुलाच्या स्वतःच्याच हाताला कळले असते, आणि शिक्षकाला आपल्या हातून एक गाठ सुटल्याचा अनुभव मिळाला असता. तो नुसत्या 'छान' या शेऱ्याने मिळत नाही.

आता हे वाक्य त्याला का सुचले नाही? तो मंद होता म्हणून नव्हे. पस्तीस हे उत्तर येऊ शकते हे त्याला कोणी सांगितले नव्हते; टाचणात चुकीच्या उत्तराला जागा नव्हती; घड्याळ धावत होते; आणि पाठ अडखळला तर गुण जातात हे त्याला पक्के ठाऊक होते. माझ्या मते संपूर्ण प्रश्नाचे मर्म येथे आहे. ज्या व्यवस्थेत चुकीचे उत्तर म्हणजे अपशकुन, तीत तयार झालेला शिक्षक मुलांच्या चुकांना भितो, आणि मुलांच्या चुकांना भिणाऱ्या शिक्षकाचा आत्मविश्वास नेहमी उसना असतो. टाचणाच्या 'अपेक्षित उत्तरे' या रकान्याशेजारी 'संभाव्य चुका आणि त्यामागचा विचार' असा रकाना घातला तर खात्याचा एक पैसाही खर्च होणार नाही.

निराळी परंपरा आपल्याकडे नव्हती असेही नाही. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर बुनियादी शिक्षणाची जी लाट आली तिने प्रशिक्षणार्थ्यांना मुलांबरोबर सूत कातावयास, बागेत राबावयास आणि त्या कामातून विषय शिकवावयास लावले; तिचा समवायपाठ पुढे कृत्रिम झाला, टकळीशी कोणताही विषय जोडण्याची ओढाताण थट्टेचा विषय झाली, हे खरे; परंतु शिक्षक आणि मुले दिवसभर एकाच कामात असणे हा तिचा गाभा मोलाचा होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीस आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभारले त्यात तर शाळाच मुलांकडे नेली गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, अंगणात बालवाडी भरली. अशा ठिकाणी उमेदवारी करणाऱ्या बालसेविकेला पाठाचा देखावा मांडणे शक्यच नव्हते, कारण गुरे उठून चालू लागली की वर्ग सुटे. वारली मुलाशी त्याच्या बोलीत दोन शब्द बोलावयास येणे हे तेथे पहिले अध्यापनकौशल्य होते. फुल्यांनी 1882 साली मागितलेला शिक्षक काही अंशी येथे घडत होता. आज नंदुरबार, मेळघाट किंवा गडचिरोलीकडे नेमणूक होणाऱ्या किती उमेदवारांना सरावाच्या काळात पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांपुढे एक आठवडाही मिळतो, याचा विचार करावा.

आयोगांच्या शिफारशींविषयी थोडक्यात लिहिणेच बरे, कारण त्यांत एकवाक्यता पुष्कळ आणि अंमल थोडा. कोठारी आयोगाने 1966 साली, आणि त्यात जे. पी. नाईक यांच्यासारखा महाराष्ट्र जाणणारा सदस्य-सचिव होता, स्पष्ट म्हटले की प्रशिक्षणसंस्था विद्यापीठांपासून, शाळांपासून आणि एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत. पुढे या संस्थांची बेसुमार वाढ झाली, आणि महाराष्ट्रातील 291 डी.टी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या दाव्यातून सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला, त्याचा अहवाल 2012 साली आला. त्यानंतरच्या 2014 च्या नियमांनी दोन वर्षांच्या पदविकेत एकंदर 20 आठवड्यांची आंतरवासिता आवश्यक केली, त्यातले चार आठवडे पहिल्या वर्षी, निरीक्षणादी कामासाठी. सुट्या पाठांकडून सलग मुक्कामाकडे जाण्याचे हे पाऊल, माझ्या समजुतीने, शंभर वर्षांतील सर्वांत शहाणपणाचे आहे.

पण कागदावरची आंतरवासिता आणि शाळेतली आंतरवासिता यांत अंतर राहते. शिक्षकांची जागा रिकामी असलेल्या शाळेला छात्राध्यापक म्हणजे फुकटचा बदली शिक्षक वाटतो. त्याच्या हाती वर्ग देऊन मूळ शिक्षक ऑनलाइन माहिती भरावयास किंवा केंद्रावरच्या बैठकीस जातात. एकट्याने वर्ग सांभाळण्याची सवय त्याला यातून लागते खरी, परंतु पाहणारे, विचारणारे, 'तो मुलगा असे का म्हणाला' हे बोलावयास संध्याकाळी अर्धा तास बसणारे कोणी नसेल तर चार महिन्यांत पक्के होते ते बहुधा ओरडून वर्ग शांत करण्याचे तंत्र. शिवाय आंतरवासितेच्या शाळा अध्यापक विद्यालयाच्या जवळच्या, म्हणून गावातल्या किंवा शहरातल्या, इयत्तावार वर्ग असलेल्या. आणि नेमणूक व्हावयाची ती जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत, जेथे पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, आणि सहकारी रजेवर गेला की चारही एकाकडे. एका गटाला स्वाध्यायाला लावून दुसऱ्याला शिकविणे, चौथीतल्या मुलीला पहिलीच्या वाचनाला बसविणे, ही पंतोजींच्या शाळेतील विद्या आज पुन्हा अत्यावश्यक आहे, आणि तिचा सराव नेमका कोठेच होत नाही. वीसपैकी निदान चार आठवडे बहुवर्ग शाळेत काढण्याची सक्ती करण्यास कोणती अडचण आहे, ते कळत नाही. प्रवासभत्त्याची असेल तर ती सांगावी.

राहिला मार्गदर्शक. मुलांना रोज शिकविणारा वर्गशिक्षकच या कामाला सर्वांत योग्य, कारण कोणता मुलगा कोठे अडतो हे त्यालाच ठाऊक असते; पण त्याला या कामाचा मोबदला नाही, वेळ नाही आणि अधिकारही नाही, गुण देतात ते अध्यापक विद्यालयाचे प्राध्यापक, जे एका सकाळी तीन शाळांतील पाठ पाहतात. शेरा लिहिण्याची कला शिकविली जात नाही. 'वर्गनियंत्रण सुधारावे' या वाक्याने कोणाचेही वर्गनियंत्रण सुधारलेले नाही. 'मागच्या रांगेतील चौघांना तू संपूर्ण पाठात एकही प्रश्न विचारला नाहीस, उद्या पहिला प्रश्न तेथे विचार आणि काय होते ते मला सांग' असे लिहिणारा निरीक्षक उमेदवाराला काम देतो, आणि दुसऱ्या दिवशी ते करून पाहण्याची संधीही. जपानमधील शिक्षक एकच पाठ मिळून आखतात, एकाने तो द्यावा, बाकीच्यांनी मुलांकडे पाहावे, आणि चर्चा पाठाची व्हावी, देणाऱ्याची नव्हे, असा तेथे प्रघात आहे. आपल्याकडील जुन्या टीकापाठाचे स्वरूपही असे होऊ शकले असते, पण नावाप्रमाणे त्याची टीकाच झाली आणि सहाध्यायांनी एकमेकांचे दोष मोजण्याचा तो तास झाला.

यापुढचा भाग सरावपाठाच्या कक्षेबाहेरचा, तरीही वगळता येत नाही असा आहे. पदविका हाती आल्यावर शिक्षक पात्रता परीक्षा, मग भरतीची वाट. ती वर्षानुवर्षे लांबली की मुलांपुढे मिळविलेला धीर किराणा दुकानाच्या गल्ल्यावर किंवा खासगी शिकवणीत झिजून जातो. नेमणूक झालीच तर तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक इयत्तांसाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही असा निर्णय दिल्यामुळे लहान मुलांना शिकविण्याची विद्या निराळी आहे हे तत्त्व मान्य झाले. दुसरीकडे 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने चार वर्षांच्या एकात्मिक पदवीकडे बोट दाखविल्यामुळे जुनी अध्यापक विद्यालये आपल्या भवितव्याविषयी साशंक आहेत. नवी पदवी येवो वा जुनी पदविका राहो, शिक्षणसेवकाच्या पहिल्या वर्षी केंद्रप्रमुखाने महिन्यातून एकदा त्याच्या वर्गात पूर्ण दिवस बसावे, दप्तर न तपासता फक्त मुलांच्या वह्या पाहाव्यात आणि संध्याकाळी त्याच्याशी बोलावे, एवढा एक हुकूम काढावयास कोणत्याही नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहावी लागत नाही; त्यासाठी केंद्रप्रमुखांच्या रिकाम्या जागा मात्र आधी भराव्या लागतील.